सोमवारची मारामारी: नायट्रोला नक्की कोणी पाडलं?

नव्वदीचा पोर (धागाकर्ता)

ट्रम्प कार्डांच्या धाग्यावर गाडी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे ('नायट्रो' हा शो काढणारी अमेरिकन कुस्ती कंपनी, आता बंद) वळली आणि तिथल्या मंडळींनी हाकललं, म्हणून हा वेगळा धागा. तिथे कोणीतरी ठोकून दिलं होतं की डब्ल्यूसीडब्ल्यू फालतू होती म्हणून बंद पडली, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. डब्ल्यूडब्ल्यूएफचं (आत्ताचं डब्ल्यूडब्ल्यूई) 'मंडे नाइट रॉ' ११ जानेवारी १९९३ ला यूएसए नेटवर्कवर सुरू झालं. सोमवारची रात्र म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहनची, दुसरं कोणी तिकडे फिरकायचं नाही. मग टेड टर्नरने आपल्या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या एरिक बिशॉफला विचारलं की विन्सला टक्कर द्यायची तर काय लागेल, आणि बिशॉफ म्हणाला प्राइम टाइम. टर्नरने सरळ आपल्या टीएनटी चॅनलवरचा सोमवार देऊन टाकला. ४ सप्टेंबर १९९५ ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकेत, दुकानांच्या मधोमध रिंग टाकून पहिलं नायट्रो झालं. त्या रात्री यूएसए नेटवर्कवर यूएस ओपन टेनिस होतं त्यामुळे रॉ नव्हतंच, मैदान मोकळं. आणि आदल्या रात्रीपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी लढणारा लेक्स लुगर अचानक नायट्रोवर चालत आला! विन्सला पत्ताच नाही, कारण लुगरचा करार संपलेला होता.

नंतरचं बहुतेकांना माहीत असेल. १९९६ च्या जूनपासून एप्रिल १९९८ पर्यंत लागोपाठ ८३ आठवडे नायट्रोने रेटिंगमध्ये रॉला हरवलं. आणि तीनच वर्षांनी, मार्च २००१ मध्ये विन्सने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, तीही इतक्या कमी पैशात की एखाद्या मोठ्या पैलवानाच्या वर्षा-दोन वर्षांच्या पगारात बसावी.

माझं म्हणणं: रॉने नायट्रोला मागे टाकलं हे खरं, पण मारलं नाही. विन्स स्वतःच्या घरात राहत होता आणि डब्ल्यूसीडब्ल्यू भाडेकरू होती. घरमालक बदलला (टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली), सामान रस्त्यावर आलं. बोला.

कोल्हापुरी रस्सा

धागा आवडला पण मुद्दा नाय पटला भावा. घरमालक वगैरे शेवटचं झालं, पेशंट आधीच आयसीयूत होता. आणि तिथपर्यंत त्यांनी स्वतःच नेला.

स्टिंगचंच घे. वर्षभर तो माणूस एक शब्द बोलला नाही, एक मॅच लढला नाही, तोंडाला पांढरा रंग लावून हातात बॅट घेऊन छतावर बसायचा, मधेच दोरीवरून खाली यायचा, एनडब्ल्यूओवाल्यांना (होगन, हॉल, नॅशची टोळी) बदडायचा आणि गायब. एवढ्यावर त्यांनी एक वर्ष लोकांना धरून ठेवलं. का, तर स्टारकेड १९९७ ला (डब्ल्यूसीडब्ल्यूचा वर्षाचा सगळ्यात मोठा शो) तो होगनला फोडणार म्हणून. आणि २८ डिसेंबरला झालं काय? होगनने त्याला मॅचभर धुतला, मग रेफरी निक पॅट्रिकने घाईघाईत तीन मोजायचं असं ठरलेलं, म्हणजे स्टिंगवर अन्याय झाला असं दिसेल, पण त्याने मोजलं नेहमीच्याच स्पीडने. मग ब्रेट हार्ट धावत आला, अन्याय अन्याय करत मॅच परत सुरू केली, स्टिंग जिंकला आणि प्रेक्षक एकमेकांकडे बघतायत, अरे पण तो तर सरळसरळ हरला होता की! एवढ्यावर थांबले नाहीत, दहा-बारा दिवसांत बेल्ट काढून पण घेतला. हे काय टाइम वॉर्नरच्या साहेबांनी केलं होय? होगनच्या करारातच लिहिलेलं होतं की त्याच्या गोष्टीचं काय करायचं ते त्याला विचारून. पैलवानच जर पंच, लेखक आणि निवड समिती असेल तर दुसरं काय होणार.

खडूस काका

अहो पण हे सगळं खोटं असतं ना?

नव्वदीचा पोर

@खडूस काका, दुसऱ्याच प्रतिसादात, काका. मला वाटलं होतं निदान पाचव्यापर्यंत तरी जाईल.

@रस्सा, करारातलं बरोबर आहे. पण तसले करार दिले कोणी? विन्सकडे हमीचा पैसा कमी, गर्दी आली तर मिळणार. टर्नरकडे चेकबुक उघडं होतं म्हणून हॉल, नॅश, होगन, सॅव्हेज सगळे तिकडे गेले. स्वतःच्या खिशातून जात नसले की असे करार होतात. हाच तर माझा मुद्दा आहे.

भटकभवानी

वाचतेय. बाई या विषयावर लिहितेय म्हणून दचकू नका, भावासोबत सगळं बघितलंय.

मला या भांडणातला सगळ्यात भारी आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रसंग मदुसाचा वाटतो. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ती अलुंड्रा ब्लेझ नावाने विमेन्स चॅम्पियन होती. चॅम्पियन असतानाच तिला काढलं, बेल्ट तिच्याकडेच राहिला. १८ डिसेंबर १९९५ ला ती नायट्रोवर आली आणि लाइव्ह टीव्हीवर तो बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला. बिशॉफने सांगितलं म्हणून. त्यातून बिशॉफला एक रात्र चर्चा मिळाली आणि विन्सच्या डोक्यात कायमचं बसलं की चॅम्पियन जाताना बेल्ट घेऊन जाऊ शकतो. दोन वर्षांनी माँट्रियलमध्ये ब्रेट हार्टच्या बाबतीत जे झालं (तो चॅम्पियन असताना डब्ल्यूसीडब्ल्यूत जाणार होता, म्हणून त्याला न सांगताच हरवलं) त्यामागे ही भीती होतीच.

आणि बायकांना काय मिळालं? डब्ल्यूडब्ल्यूएफने तो बेल्ट १९९८ पर्यंत धूळ खात ठेवला. डब्ल्यूसीडब्ल्यूने मदुसाला आणलं खरं पण पुढे तिच्यासाठी धड काही केलं नाही. दोन्ही शोजची लढाई ऐन भरात असताना बायका म्हणजे पैलवानांच्या हाताला धरून येणाऱ्या नाहीतर कपडे फाडून घेणाऱ्या. आमच्याकडे आई खोलीत आली की चॅनल बदलावं लागायचं ते मारामारीमुळे नाही, यामुळे. 'सुवर्णकाळ सुवर्णकाळ' करणाऱ्यांनी ते जुने एपिसोड आज पुन्हा बघावेत.

चिंचोके

@भटकभवानी +१००. आणि मदुसाला २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तिने स्टेजवर कचऱ्याचा डबा आणून त्यातून तोच बेल्ट बाहेर काढला होता. वीस वर्षं वाट बघितली बाईने.

रात्रपाळी

मी त्या काळात अमेरिकेत शिकत होतो, न्यू जर्सीत. सोमवारी रात्री डॉर्मच्या टीव्हीवर काय लागणार यावरून खरीखुरी भांडणं व्हायची, कारण इकडे ब्रेक लागला की तिकडे, तिकडे ब्रेक लागला की इकडे. रिमोट कोणाच्या हातात यावर सगळं. भारतातल्या मित्रांना हे सांगून कळायचं नाही कारण तिकडे दोन्ही शो वेगवेगळ्या दिवशी, शिळे होऊन यायचे. त्यांना गोष्ट दिसली पण शर्यत दिसली नाही.

या शर्यतीत बिशॉफची एक घाणेरडी सवय होती. नायट्रो दर आठवड्याला लाइव्ह असायचं आणि रॉचे बरेचसे भाग आधीच शूट केलेले. मग हा नायट्रोच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचा की आज रॉवर अमका जिंकतो तमका हरतो, कशाला बघताय. वर्षानुवर्षं हे चाललं.

आणि मग ४ जानेवारी १९९९. रॉ आधीच शूट झालेलं, त्यात मॅनकाइंड (म्हणजे मिक फोली) रॉकला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन होणार होता. नायट्रो अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, त्यांच्या स्वतःच्या गावात, खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये. निवेदक टोनी शियावोनीला बिशॉफने सांगितलं, त्याप्रमाणे तो बोलला की तिकडे मिक फोली चॅम्पियन होणार आहे, आणि वर टोमणा मारला की हो, यामुळे फार तिकिटं खपतील त्यांची. झालं! लाखो लोकांनी तिथल्या तिथे चॅनल बदललं. डॉर्ममध्ये आम्ही पण बदललं की. कारण फोली हा असा माणूस, कान तुटलेला, दात पडलेले, उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली पडलेला, त्याला कधीतरी मिळावं असं सगळ्यांना वाटायचं. त्याचं चॅम्पियन होणं हा टोमणा मारायचा विषय आहे असं ज्याला वाटलं त्याला आपला प्रेक्षक कळलाच नव्हता.

त्या रात्री रॉ ५.७, नायट्रो ५.०.

कोल्हापुरी रस्सा

आणि चॅनल बदलून जे परत नायट्रोवर आले त्यांना काय बघायला मिळालं ते पण सांग की!

रात्रपाळी

@रस्सा हा हा, ते तुम्हीच सांगा.

कोल्हापुरी रस्सा

सांगतो. गोल्डबर्ग नावाचा बैल त्यांनी दीड वर्ष पाळला. येतो, दोन मिनिटांत आडवा करतो, जातो. आकडा वाढतच चाललेला. ६ जुलै १९९८ ला याच जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला फोडला, चाळीस हजार लोक छत उडवत होते. आता ही मॅच फुकटात टीव्हीवर दिली, पैसे घेऊन पे-पर-व्ह्यूवर दिली असती तर किती कमावले असते हा वेगळाच वाद आहे. एका सोमवारचं रेटिंग जिंकायला सोन्याची कोंबडी कापली. मग डिसेंबरात स्टारकेडला १७३ विजयांनंतर गोल्डबर्गला हरवला, कसा, तर स्कॉट हॉलने विजेचा झटका देऊन आणि जिंकला केविन नॅश, ज्याचं बुकिंगमध्येही (कोणी जिंकायचं हे ठरवण्यात) वजन होतं म्हणतात. वा रे वा.

तरी म्हटलं ठीक आहे, ४ जानेवारीला गोल्डबर्ग बदला घेणार असं जाहीर केलेलं. तर त्याला मध्येच पोलिसांकडून उचलून नेलं (म्हणजे स्टोरीत), आणि त्याच्या जागी होगन विरुद्ध नॅश. होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं. एक बोट! नॅश गोळी लागल्यासारखा आडवा पडला, होगन चॅम्पियन, दोघांच्या गळाभेटी, एनडब्ल्यूओ परत एक. लोकांनी तिकीट काढलं होतं हो.

आता मला सांगा, हे बोट टाइम वॉर्नरचं होतं का?

शून्यप्रहर

चांगली चर्चा. मी कुस्तीपेक्षा टीव्हीच्या धंद्याच्या बाजूने लिहितो, पोटापाण्यासाठी जाहिरातीतच आहे.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं लिहून सुटता येईल पण मी धागाकर्त्याच्या बाजूला जास्त झुकतो. कारण वाईट कार्यक्रम बंद पडतातच असं नाही. १९९५ ला रॉ काय चाललं होतं ते आठवा: कचरागाडीवाला पैलवान, डुकरं पाळणारा पैलवान, जोकर पैलवान. प्रेक्षक पळत होते, पैसा संपत होता. पण तो बंद करण्याचा निर्णय घेणारा माणूस एकच होता आणि त्याला दुसरा धंदाच नव्हता. म्हणून त्याला चुकायला वेळ मिळाला. स्टोन कोल्ड ऑस्टिनही त्याच चुकांमधून सापडला, हे विसरू नका. मे १९९६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हॉल आणि नॅश डब्ल्यूसीडब्ल्यूत जाताना मित्रांनी रिंगमध्ये मिठ्या मारल्या, नायक-खलनायक सगळे एकत्र, त्याची शिक्षा म्हणून त्या मित्रांपैकी ट्रिपल एचची ठरलेली 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धा काढून ऑस्टिनला दिली. ज्याला डब्ल्यूसीडब्ल्यूने काढून टाकलं होतं तोच ऑस्टिन. पुढे त्याची आणि विन्सची जुंपली, बॉसला बदडणारा नोकर, हे ज्याला बघावंसं वाटत नाही असा नोकरदार जगात नसेल. १३ एप्रिल १९९८ ला ऑस्टिन आणि विन्स आमनेसामने येणार म्हटल्यावर रॉ ४.६ आणि नायट्रो ४.३. ८३ आठवड्यांची साखळी तिथे तुटली. मॅच झालीच नाही शेवटी, गंमत म्हणजे!

आता डब्ल्यूसीडब्ल्यूकडे बघा. ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली. म्हणजे ८३ आठवड्यांच्या ऐन सुरुवातीलाच पाठीराख्याच्या हातातली दोरी सैल झाली. १९९८ च्या जानेवारीत वरून हुकूम, टर्नरच्याच दुसऱ्या चॅनलवर, टीबीएसवर गुरुवारी दोन तासांचं 'थंडर' सुरू करा. त्याच महिन्यात नायट्रो तीन तासांचं. आठवड्याला पाच तास! त्याच पैलवानांत. कुठल्याही मालिकेचं पाणी घालून काय होतं ते आपल्या चॅनलवर रोज बघतो आपण. बिशॉफला थंडर नको होतं असं तो स्वतः नंतर सांगत आला आहे.

२००० साली डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा सहा कोटी डॉलरच्या वर गेला. हो, मान्य, तो त्यांच्याच कर्माने. तरी विकत घ्यायला लोक होते, बिशॉफ स्वतः फ्युजिएंट नावाच्या कंपनीला घेऊन आला होता. सौदा जवळपास झालेला. मग एओएल टाइम वॉर्नरमध्ये (टाइम वॉर्नर तोवर एओएलमध्ये मिसळली होती) चॅनलांचे प्रमुख म्हणून जेमी केल्नर आले आणि त्यांनी ठरवलं की टीएनटी-टीबीएसवर कुस्ती नको. कार्यक्रमाला चॅनलच नाही तर कंपनी घेऊन करायचं काय? फ्युजिएंट मागे हटली, विन्सने नावं आणि टेप्सचा साठा कवडीमोलाने उचलला. त्या वेळीही नायट्रो टीएनटीवरच्या जास्त बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत होतं हे लक्षात घ्या.

नव्वदीचा पोर

@शून्यप्रहर, अगदी हेच! मला एवढं नीट लिहिता आलं नव्हतं.

कोल्हापुरी रस्सा

@शून्यप्रहर साहेब, अभ्यास जोरात आहे. पण सहा कोटींचा खड्डा नसता तर केल्नरने हात लावला असता का? अभिनेता डेव्हिड आर्केटला वर्ल्ड चॅम्पियन केला होता हो यांनी. सिनेमाची जाहिरात म्हणून. मी तिथेच बघणं सोडलं.

शून्यप्रहर

आर्केटला काही उत्तर नाही. शरण.

सांडगी मिरची

आमच्याकडे तर रॉ कुठलं नि नायट्रो कुठलं हेच कळायचं नाही. कार्टून नेटवर्क रात्री संपलं की त्याच चॅनलवर टीएनटी लागायचं, त्यावर एकदा होगन दिसला काळ्या दाढीत, काळ्या कपड्यात आणि मी भावाला म्हटलं हा डुप्लिकेट आहे. आमच्या गल्लीत पक्कं मत होतं की अंडरटेकरप्रमाणे होगनचे पण दोन-तीन निघालेत, खरा मेला. सात वेळा मेलेला अंडरटेकर सगळ्यांना आठवत असेलच!

चिंचोके

@मिरची 😂 तो डुप्लिकेट नव्हता गं, तीच तर त्या युद्धाची सगळ्यात मोठी चाल. ७ जुलै १९९६, डेटोना बीच. हॉल आणि नॅशचा तिसरा साथीदार कोण यावर महिनाभर ताणलं आणि निघाला होगन. वर्षानुवर्षं पोरांना प्रार्थना करा, व्हिटॅमिन घ्या सांगणारा माणूस. लोकांनी रिंगमध्ये अक्षरशः कचरा फेकला, तो सगळा कचरा त्या प्रसंगात दिसतो आणि त्याने तो प्रसंग आणखी भारी होतो.

अवांतर: डीएक्सवाले (डब्ल्यूडब्ल्यूएफमधली ट्रिपल एचची टोळी) रणगाडा घेऊन नायट्रोवर चालून गेले अशी दंतकथा आहे. रणगाडा नव्हता, तोफ लावलेली जीप होती. एप्रिल १९९८, रॉ हॅम्प्टनला आणि नायट्रो शेजारच्या नॉरफोकला. दार काही उघडलं नाही कोणी. उघडलं असतं तर काय करणार होते देव जाणे.

खडूस काका

सगळे प्रतिसाद वाचले. म्हणजे मारामारी खोटी आणि भांडण खरं, असं का? मग आमच्या नातवाला ते भांडण दाखवा म्हणावं, तो नुसत्या उड्या मारतो सोफ्यावरून.

नव्वदीचा पोर

@काका, तुम्ही आता आमच्यातले झालात.

मला शेवटच्या नायट्रोबद्दल लिहायचं राहिलं होतं. २६ मार्च २००१, फ्लोरिडातलं पनामा सिटी बीच. सुरुवातीलाच टीएनटीवर विन्सचा चेहरा. रॉ क्लीव्हलँडला चालू होतं, दोन्ही शो शेवटी एकमेकांत जोडले आणि विन्सचा मुलगा शेन तिकडून पडद्यावर येऊन म्हणतो, डब्ल्यूसीडब्ल्यू मी घेतली. स्टोरीत हं. शेवटची मॅच स्टिंग आणि रिक फ्लेअर. लढण्यापेक्षा निरोपच होता तो.

आणि त्यानंतर जो इन्व्हेजनचा (डब्ल्यूसीडब्ल्यूवाले डब्ल्यूडब्ल्यूएफवर चालून आले अशी स्टोरी) घोळ झाला तोही माझ्याच बाजूचा पुरावा आहे: स्टिंग, गोल्डबर्ग, नॅश यांचे करार डब्ल्यूसीडब्ल्यूशी नव्हतेच, थेट टाइम वॉर्नरशी होते. विन्सने ते घेतलेच नाहीत. मग हे सगळे घरी बसून पूर्ण पगार खात राहिले आणि डब्ल्यूसीडब्ल्यूची फौज म्हणून टीव्हीवर आले बुकर टी, डीडीपी (डायमंड डॅलस पेज) आणि बरीच दुसरी फळी. बघणाऱ्याला वाटलं हीच का ती कंपनी जिने ८३ आठवडे धूळ चारली?

रात्रपाळी

आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रेक्षक विन्सला मिळालाच नाही. त्याला वाटलं होतं सगळे इकडे येतील. बहुतेक लोकांनी कुस्ती बघणंच सोडलं, रॉचं रेटिंग त्यानंतर घसरतच गेलं. माझे दक्षिणेकडचे मित्र, जॉर्जिया-कॅरोलायनावाले, परत कधी सोमवारी टीव्हीसमोर बसले नाहीत.

विन्सचा राग मात्र गेला नाही. स्टिंग शेवटी २०१४ ला डब्ल्यूडब्ल्यूईत आला, २०१५ च्या रेसलमेनियात ट्रिपल एचसमोर उभा केला, मधेच एनडब्ल्यूओ आणि डीएक्सचे सगळे म्हातारे आले, आणि जिंकवला कोणाला? ट्रिपल एचला. नायट्रो बंद होऊन चौदा वर्षं झाली होती.

भटकभवानी

बुधवारचं युद्ध कोणी आठवणार आहे का? २०१९ च्या ऑक्टोबरात एईडब्ल्यू या नव्या कुस्ती कंपनीचं डायनामाइट टीएनटीवर आणि त्याच वेळी डब्ल्यूडब्ल्यूईचं एनएक्सटी यूएसए नेटवर्कवर. तीच दोन चॅनल्स! दीड वर्ष टिकलं, बहुतेक आठवडे डायनामाइटने घेतले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये एनएक्सटी मंगळवारी सरकलं. या वेळी मेलं कोणीच नाही म्हणून कोणाच्या लक्षात नाही.

शून्यप्रहर

@भटकभवानी, छान काढलंत. आणि धागाकर्त्याच्या मुद्द्याला इथे गंमतशीर वळण मिळतं. एईडब्ल्यू आज खान कुटुंबाच्या मालकीची, म्हणजे विन्ससारखी घरची. आणि डब्ल्यूडब्ल्यूई २०२३ पासून टीकेओ नावाच्या मोठ्या कंपनीच्या पोटात, विन्स २०२४ च्या जानेवारीत तिथूनही बाहेर. रॉ २०२५ पासून नेटफ्लिक्सवर. म्हणजे भाडेकरू आता कोण?

कोल्हापुरी रस्सा

भाडेकरू असला तरी भाडं वेळेत भरतोय तो, अब्जावधी डॉलरचा करार आहे. बिशॉफकडे एवढं असतं तर होगनला दोन बोटं लावायला सांगितली असती.

नव्वदीचा पोर

@रस्सा, बिशॉफला २००२ मध्ये विन्सनेच रॉचा जनरल मॅनेजर म्हणून आणला आणि स्टेजवर मिठी मारली, ते बघितलंयस ना? त्यावर वेगळा धागा काढ, मी येतो भांडायला.

कोल्हापुरी रस्सा

काढतो. रविवारी. मटण झाल्यावर.